मक्याच्या मुलखातला हिजरी महिना

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, टर्की नदीच्या काठी, एल्केडर नावाचे सुमारे 1,200 वस्तीचे गाव आहे. (ही टर्की म्हणजे तो पक्षी. तुर्कस्तानाशी नदीचा काही संबंध नाही.) गावात 1889 चा दोन कमानींचा दगडी पूल आहे, जुने नाट्यगृह आहे, जुलैअखेरीस मक्याच्या गोड कणसांचा उत्सव भरतो. आसपासच्या शेकडो गावांसारखेच हे एक गाव. वेगळे आहे ते नाव. रोमन लिपीतली ती अक्षरे उर्दू वाचणाऱ्याने मनातल्या मनात आपल्या लिपीत मांडून पाहिली की लगेच उलगडतात: अल-कादिर. फ्रेंचांशी लढणाऱ्या अल्जीरियाच्या अमीर अब्दुल कादिर यांचे नाव 1846 साली या गावाला दिले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयोवा हे अमेरिकेचे 29 वे राज्य झाले. म्हणजे राज्याचे जेवढे वय, तेवढेच या मुसलमानी नावाचे.

शाळेत मुले विचारतात, अमेरिकेत मुसलमान कधी गेले? त्यांच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्क असते आणि 11 सप्टेंबर 2001 ही तारीख असते. मी त्यांना आयोवाबद्दल सांगते. तिथला इतिहास शेतीच्या अंगाने समजून घेता येतो, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी शेती किंवा शेतमालाचा धंदा आहे. मक्याचे कणीस कधी भरते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते.

आधी अमीर अब्दुल कादिर यांच्याविषयी. 1808 मध्ये मस्कारा शहराजवळ त्यांचा जन्म झाला. घर सुफी परंपरेचे. 1832 पासून पंधरा वर्षे त्यांनी फ्रेंच फौजांना झुंजवले. ब्रिटिशांशी लढून स्वतंत्र झालेल्या अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत या लढ्याच्या बातम्या येत होत्या, आणि बलाढ्य साम्राज्याला न जुमानणारा हा घोडेस्वार वाचकांना आवडत होता. टिमोथी डेव्हिस, जॉन थॉम्पसन आणि चेस्टर सेज या तिघांनी टर्की नदीकाठी नव्या गावाची आखणी केली. नाव सुचवण्याचे श्रेय डेव्हिस यांना दिले जाते. अमीर तेव्हा अजून रणांगणात होते. त्यांनी शस्त्रे ठेवली ती पुढच्या वर्षी, डिसेंबर 1847 मध्ये. मग फ्रान्समध्ये 1852 पर्यंत कैद, आणि अखेर दमास्कसला वास्तव्य. तिथे 1860 च्या दंगलीत त्यांनी हजारो ख्रिश्चनांना आपल्या आश्रयाला घेऊन वाचवले. त्याबद्दल अब्राहम लिंकन यांनी त्यांना पिस्तुलांची जोडी भेट पाठवली. गावाला नाव देणाऱ्यांना हा पुढचा भाग ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नाव आधी ठेवले गेले, ते नाव मोठे ठरले नंतर.

या गोष्टीचे कौतुक करताना मला एक खडा लागतो. जी जमीन मोजून एल्केडरसारखी गावे वसत होती, ती मुळात सॉक, मेस्क्वाकी आणि इतर मूलनिवासी जमातींची. 1842 च्या करारानुसार सॉक आणि मेस्क्वाकी लोकांना 1845 पर्यंत आयोवा सोडून जावे लागले. म्हणजे अल्जीरियात आपल्या जमिनीसाठी लढणाऱ्या अमिराचे नाव गावाला देण्याच्या अवघ्या एक वर्ष आधी, त्याच मुलखातून जमिनीचे मूळ मालक हाकलले गेले होते. दूरच्या देशातला स्वातंत्र्यवीर डोक्यावर घ्यायला पैसे पडत नाहीत. मेस्क्वाकी मात्र चिवट निघाले. 1857 मध्ये त्यांनी टामा काउंटीत 80 एकर जमीन चक्क रोख पैसे देऊन विकत घेतली, आणि आजही त्यांची वस्ती तिथेच आहे. दर ऑगस्टला त्यांचा पाउवाउ, म्हणजे नाचगाण्यांचा मेळा, तिथे भरतो.

एल्केडरमध्ये नाव आले, मुसलमान आले नाहीत. ते आले शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, सीडर रॅपिड्स या शहरात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजच्या लेबनॉन-सीरियाच्या मुलखातली अरब मंडळी इथे उतरू लागली. त्यांत ख्रिस्ती जास्त, मुसलमान थोडे. जवळ भांडवल नव्हते, इंग्रजी नव्हते. म्हणून पाठीवर गाठोडे घेऊन फेरी सुरू केली: सुया, दोरे, बटणे, लेस, रिबिनी, कापडाचे तुकडे. आयोवाची शेती म्हणजे गावठाणात दाटीने राहून दूरच्या रानात जाणारी आपली शेती नव्हे. तिथे प्रत्येकाचे घर त्याच्याच शेतात, शेजारी मैलभर लांब. अशा घरातल्या बाईला दुकान दारात येणे ही मोठी सोय होती. आपल्याकडचा मणियार किंवा अत्तार जसा बाजाराचे वार आणि जत्रांच्या तारखा धरून चालतो, तसे हे फेरीवाले हंगाम धरून चालत. पीक विकले गेले की शेतकऱ्याच्या हाती पैसा येई. एरवी उधारी. थंडीत बर्फाने वाट अडली तर रात्र त्याच शेतकऱ्याच्या घरी काढावी लागे. इंग्रजी अशा घरांतल्या चुलीपाशीच शिकली गेली.

त्यांच्याजवळची कागदपत्रे उस्मानी सल्तनतीची, म्हणून लोक त्यांना सरसकट ‘टर्क’ म्हणत. त्यांच्यातले बरेचसे तर त्याच सल्तनतीची सक्तीची लष्करभरती चुकवून आलेले. आपण कोण हे दुसऱ्यानेच ठरवायचे, हा अनुभव मला परका नाही. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता’ असे कौतुक, ज्यांच्या सात पिढ्या इथल्याच मातीत गेल्या त्या माझ्यासारख्यांनी किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

आता तिथले वर्ष कसे फिरते ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एप्रिलअखेर ते मे मक्याची पेरणी. ‘चार जुलैला मका गुडघ्याएवढा’ ही तिथली जुनी म्हण, म्हणजे स्वातंत्र्यदिनाला पीक एवढे आले तर साल बरे जाणार. आजचे संकरित वाण त्या तारखेला माणसाच्या खांद्याला लागते, पण म्हण टिकून आहे. जुलैत बियाण्याच्या शेतांत तुरे खुडण्याचे काम निघते. संकरित बियाण्यासाठी मादी ओळींतल्या झाडांचे तुरे हाताने उपटावे लागतात, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या तिथली शाळकरी पोरे सुट्टीत करत आली आहेत. पहाटे पाने दवाने ओली, दुपारी अंगाला कापणारी. आयोवात वाढलेल्या माणसाची पहिली कमाई विचारा, बहुधा हीच निघेल. ऑगस्टमध्ये राज्याची जत्रा, म्हणजे स्टेट फेअर. सप्टेंबर ते नोव्हेंबर काढणी. मग बर्फ, आणि जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाऊ शकतो.

या सौर वर्षात हिजरी महिने कसे बसवायचे? चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. शेती मात्र सूर्याशी बांधलेली. मुसलमान राज्यकर्त्यांना ही अडचण जुनी माहीत होती. सारा पीक आल्यावरच वसूल होणार, आणि पीक काही मोहरम पाहून येत नाही. म्हणून आपल्या दख्खनमध्ये सुहूर सन चालला. नाव आणि आकडे अरबी, पण वर्ष सौर, सूर्य मृगात शिरला की सुरू होणारे. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मराठी कागदांवर इसन्ने, सलास, अर्बा, खमस हे शब्द दिसतात ते याच कालगणनेचे. पुढे फसली सनही आला. इथे सत्ताच मुसलमानांची होती, म्हणून पंचांग दुरुस्त करता आले. आयोवातल्या मूठभर फेरीवाल्यांसाठी पंचांग कोण बदलणार? त्यांनाच वाकावे लागले.

ते कसे वाकले हे मला फार उद्बोधक वाटते. फेरी करणाऱ्यांनी हळूहळू किराणा दुकाने टाकली. शेतकरी कुटुंबे शनिवारी संध्याकाळी खरेदीला गावात येत, तेव्हा दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवावे लागे. शुक्रवारी दुपारी धंदा बंद ठेवणे अनेकांना परवडत नसे. रविवारी सगळेच बंद. त्यामुळे मिडवेस्टमधल्या जुन्या अरब जमातींत रविवारी एकत्र जमण्याची, मुलांना दीन शिकवण्याची रीत पडली. ‘संडे स्कूल’ हे नावसुद्धा चर्चकडून घेतलेले. आपल्याकडच्या एखाद्या मौलवींना हे ऐकून धक्का बसेल. पण ज्यांच्या पाठीशी मदरसा नाही, वक्फ नाही, शेजारी दुसरी जमात नाही, त्यांनी मुलांच्या कानावर अलिफ-बे पडावे म्हणून जो वार मोकळा मिळाला तो घेतला. मी त्यांना दोष देणार नाही.

1920 च्या दशकात त्यांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव ‘रोझ ऑफ फ्रॅटर्निटी लॉज’. नावात अरबी शब्द एकही नाही. त्या काळात अमेरिकेतल्या प्रत्येक गावात अशी लॉज असत, तशातलेच एक वाटावे असे. आधी भाड्याच्या जागेत नमाज होई. मग मशीद बांधायचे ठरले, आणि तेवढ्यात 1929 ची महामंदी आली. मक्याचे भाव इतके कोसळले की काही ठिकाणी कोळशाऐवजी कणसेच शेगडीत जाळणे स्वस्त पडू लागले. शेतकऱ्याकडे पैसा नाही म्हणजे किराणा दुकानदाराच्या वहीत उधारीच उधारी. अशा दिवसांत त्या दुकानदारांनी वर्गणी काढली आणि 1934 मध्ये मशीद उभी केली.

इमारत अगदी साधी आहे. लाकडी, आयताकृती, लांबून एखादी खेड्यातली शाळा वाटावी अशी. दारावर छोटासा घुमट. आज तिला ‘मदर मॉस्क ऑफ अमेरिका’ म्हणतात. मशीद म्हणूनच बांधलेली आणि आजही उभी असलेली ही अमेरिकेतली सर्वांत जुनी इमारत मानली जाते. नॉर्थ डकोटातल्या रॉस या गावी 1929 मध्ये शेतकरी मुसलमानांनी एक मशीद बांधली होती, पण पुढे ती पाडली गेली. 1934 चा रमजान डिसेंबरात आला होता. आयोवात तेव्हा दिवस लहान असतो, रोजा जेमतेम अकरा तासांचा. नव्या मशिदीतली पहिली तरावीह बर्फाच्या दिवसांत पढली गेली.

पुढच्या पिढीतला एक तरुण, अब्दुल्लाह इग्राम, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात गेला. सैनिकाच्या गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर धर्माचे एक अक्षर कोरत: प्रोटेस्टंटांसाठी पी, कॅथलिकांसाठी सी, ज्यूंसाठी हिब्रूचे एच. मुसलमानांसाठी अक्षरच नव्हते. ही गोष्ट किरकोळ नाही. रणांगणावर मरण आले तर दफन कोणत्या रीतीने करायचे, हे त्या अक्षरावरून ठरे. इग्राम परत आले, पण ही रिकामी जागा विसरले नाहीत. 1952 मध्ये त्यांच्या पुढाकाराने सीडर रॅपिड्समध्ये अमेरिका आणि कॅनडातले सुमारे 400 मुसलमान जमले. त्यातून पुढे फेडरेशन ऑफ इस्लामिक असोसिएशन्स ही संघटना झाली. 1953 मध्ये इग्राम यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्र लिहून मुसलमान सैनिकांच्या धर्माची नोंद व्हावी अशी मागणी केली. मरणाचा प्रश्न शहरातही होताच. तिथल्या एका मुसलमान कुटुंबाने दिलेल्या जमिनीवर 1948 मध्ये कब्रस्तान झाले. ते उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या खास मुस्लिम कब्रस्तानांपैकी एक आहे.

जत्रेविषयी लिहिल्याशिवाय आयोवाचे वर्णन पुरे होत नाही. पहिली स्टेट फेअर 1854 मध्ये फेअरफिल्ड या गावी भरली. (याच फेअरफिल्डमध्ये 1974 पासून महर्षी महेश योगींचे विद्यापीठ आहे. योगायोगाची गंमत.) 1886 पासून ती राजधानी दे मॉइन इथे कायमच्या मैदानावर भरते. ऑगस्टमधले अकरा दिवस, दहा लाखांच्या आसपास माणसे. आपल्या कृषी प्रदर्शनात जत्रा मिसळावी, त्यात बैलबाजार आणि पाककृती स्पर्धा घालावी, तसे काहीसे. सर्वांत वजनदार डुक्कर कोणाचे, सर्वांत उंच मका कोणाचा, कोणाच्या मुरंब्याला निळी फीत मिळाली, यावर वर्षभर गावात बोलणे होते. 1911 पासून तिथे लोण्याची गाय असते: थंड खोलीत, काचेआड, सुमारे 270 किलो लोण्यातून घडवलेली, खऱ्या गाईएवढी. 1960 पासून जवळपास साडेचार दशके ही गाय नॉर्मा ‘डफी’ लायन या शेतकरी बाईंनी घडवली.

2012 चा उन्हाळा आयोवाला लक्षात राहील असा कोरडा गेला. त्या दुष्काळात मका उभ्या-उभ्या करपत होता, आणि रमजान 20 जुलैला सुरू झाला. तिथे त्या दिवसांत सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे रोजा सोळा तासांच्या पुढे. तुरे खुडण्याचे काम, उष्मा आणि तहान, तिन्ही एकाच वेळी. जत्रा त्या वर्षी 9 ते 19 ऑगस्ट होती. 19 ऑगस्टला, रविवारी, जत्रेच्या शेवटच्या दिवशी ईद आली. ईदगाह आणि जत्रा यांचे एका दिवशी असे जुळणे तिथे क्वचितच होते.

जत्रेतली प्रसिद्ध खाण्याची गोष्ट मात्र काडीवरचे पोर्क चॉप. राज्याची लोकसंख्या 32 लाख आणि डुकरे दोन कोटींच्या वर. अशा ठिकाणी हलाल-हराम हा पोटाचा प्रश्न होतो. 1990 च्या दशकात युद्धातून जीव वाचवून आलेले बोस्नियाचे मुसलमान आयोवातल्या वॉटर्लू शहरात स्थिरावले, कारण तिथल्या मांस प्रक्रियेच्या कारखान्याला कामगार हवे होते. कारखाना डुकराच्या मांसाचा. खायचे नाही, पण कापून पोराबाळांना जगवायचे. फतवे देणाऱ्यांनी त्या थंडगार हॉलमध्ये आठ तास उभे राहून पाहावे, मग बोलावे.

आपल्या महाराष्ट्राचा या मक्याशी एक खरा धागा आहे. संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी आयोवात 1926 मध्ये हेन्री वॉलेस यांनी काढली. हे गृहस्थ पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. आयोवाच्याच क्रेस्को गावाजवळ जन्मलेल्या नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला जागतिक अन्न पुरस्कार दर ऑक्टोबरात, काढणीच्या दिवसांत, दे मॉइनला दिला जातो. 1998 मध्ये तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. महिको ही बियाणे कंपनी त्यांनी 1964 मध्ये जालन्यात सुरू केली होती. माझ्या वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची पोरेही मान वर करतात. बियाण्याच्या प्लॉटवर काम केलेल्या आया-मावश्या त्यांच्या घरात आहेत.

मशिदीचे पुढे काय झाले? जमात वाढली, 1971 मध्ये शहरात नवे इस्लामिक सेंटर बांधले आणि जुनी इमारत विकली. ती आधी तरुणांचे केंद्र झाली, मग चर्च, मग पडीक. 1990 च्या सुमारास मुसलमानांनी ती परत विकत घेतली, डागडुजी केली, आणि 1996 मध्ये तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. मशीद विकली आणि तिचे चर्च झाले, यावरून कुठे दंगल नाही, कुठे खटला नाही. पुन्हा पैसे मोजले आणि घेतली. आपल्याकडच्या बातम्या वाचून सवयीने दचकणाऱ्या मला हे दोनदा वाचावे लागले.

जून 2008 मध्ये आयोवात महापूर आला. एकाच आठवड्यात टर्की नदीने एल्केडर बुडवले आणि सीडर नदीने सीडर रॅपिड्स. एल्केडरचे 1984 पासून मस्कारा शहराशी, म्हणजे अमिराच्याच मुलखाशी, भगिनीनगराचे नाते आहे. ते स्मरून अल्जीरियाच्या सरकारने पूरग्रस्त गावाला दीड लाख डॉलर दिले. 1846 मध्ये दिलेल्या नावाचे व्याज 162 वर्षांनी पोचले म्हणायचे. मदर मॉस्कच्या तळघरात पाणी शिरले, आणि तिथे ठेवलेली जुनी पुस्तके व कागदपत्रे गेली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला घुमटापेक्षा त्या कागदांचे दुःख जास्त होते.

इमारत शाबूत आहे. रमजान आता पुन्हा थंडीकडे सरकतो आहे. 2030 मध्ये तो दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. 1934 पासून मोजले तर आयोवाच्या सगळ्या ऋतूंतून त्याचे तीन फेरे तेव्हा पुरे झालेले असतील, आणि शेतात मका नसेल, बर्फ असेल.